जड शेगडीस चाके

हुरड्याचे दिवस आले म्हणजे आगटीभोवती आप्तेष्टांची मंडळी जमावी, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. आगटीस जागेची अडचण कधी पडत नाही. वारा पाहावा, कडब्याच्या गंजीपासून दूर मोकळी जमीन धरावी, लहानसा खड्डा घ्यावा, गोवऱ्या पेटवाव्या आणि गुळभेंडीची किंवा सुरतीची कणसे निखाऱ्यात खोचावी. काम आटोपले की खड्डा बुजवावा. अलीकडे मात्र पाहुणे वाढले, व कणसांबरोबर वांगी, मका, रताळी हीही एकाच वेळी भाजावयाची असतात. म्हणून बऱ्याच वस्त्यांवर जाड पत्र्याची लोखंडी शेगडी आली आहे. चवीत ती आगटीची बरोबरी करीत नाही, असे म्हणणारे म्हणोत. आमची तक्रार चवीची नाही, वजनाची आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व ३० खोल अशा उघड्या पेटीस १.८ चौरस मीटर पत्रा लागतो. एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन दर मिलिमीटर जाडीस ७.८५ किलो भरते. पत्रा ५ मिलिमीटरचा घेतला तर नुसती पेटीच ७० किलोंच्या वर जाते. पाय, जाळी व मुठी धरून शेगडी ९० किलोंच्या घरात पोहोचते.

आता जड वस्तूचा स्वभाव असा की, ती आपली जागा आपणच ठरविते. आमची शेगडी गोठ्याच्या वळचणीस पडलेली असे, व तेथून गंज पंधरा पावलांवर. ती हलवावयाची म्हणजे चार गडी बोलवावे लागत. एके संध्याकाळी गडी घरी गेले होते, पाहुणे येऊन बसले होते. तेव्हा ‘आजच्या दिवस येथेच पेटवू’ असे आम्ही म्हणालो. अंधार पडता पडता वारा फिरला, ठिणग्या उडाल्या आणि गंजीच्या कडेच्या पेंढ्यांनी पेट घेतला. विहिरीवरील मोटार त्या वेळी चालू होती, म्हणून थोडक्यावर निभावले. नाही तर जनावरांची उन्हाळाभराची वैरण डोळ्यांदेखत गेली असती. दोष वाऱ्यास देणे सोपे होते. परंतु विचार करिता असे दिसून आले की, ती शेगडी उचलणारे हात इतकी वर्षे गड्यांचे होते, आमचे नव्हते. म्हणून तिच्या वजनाचा विचार करण्याची गरज आम्हांस कधी वाटलीच नाही.

त्यानंतर आम्ही शेगडीस दोन चाके बसविली. चारही पायांस चाके लावण्याचा मोह टाळावा. एका बाजूस चाके व दुसऱ्या बाजूस पाय ठेविले म्हणजे शेगडी उभी असता आपोआप घसरत नाही, आणि हलविताना हातगाडीप्रमाणे मुठी उचलून ढकलता येते.

चाके कोठे बसवावी, यातच सारे मर्म आहे. अगदी कडेस बसविली आणि मुठी दुसऱ्या कडेच्या बाहेर ३० सेंटिमीटर काढल्या, तर हातांवर ३६ किलो भार येतो. तोच आस कडेपासून ३० सेंटिमीटर आत घेतला तर भार साडेबावीस किलोंवर उतरतो, व दोन माणसांत वाटला तर प्रत्येकी सव्वाअकरा. याहून आत घेऊ नये. शेगडी पुढे कलंडण्याचे भय वाढते. मुठी वीतभरापेक्षा वर उचलू नयेत, तेही याच कारणासाठी.

कपाटास लावतात तसली लहान चाके फरशीवर चालतात, ढेकळांत रुततात. चाक जितके मोठे तितके ते ढेकूळ सहज ओलांडते. आम्ही ४० सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चाके घेतली. त्यांची धाव ६ सेंटिमीटर रुंद ठेविली, म्हणजे ती मातीत कापत जात नाहीत. रबरी चाकावर निखारा पडला तर ते जळते. पुढील दोन पाय काढून आसाच्या जागी आत जोडावे, आणि चाकाच्या त्रिज्येइतके, म्हणजे २० सेंटिमीटर, आखूड करावे. त्यामुळे पेटी समतल राहते. चाके पेटीच्या रुंदीच्या बाहेर यावी. आसास २५ मिलिमीटरचा भरीव गज पुरतो. दोन्ही टोकांस खीळ मारावी, तुंब्यास वंगण द्यावे आणि मुठींस लाकडी दस्ते चढवावे. घरी पडलेली जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी मात्र या कामास वापरू नये. जोडकाम करताना जस्ताचा जो धूर निघतो, त्याने कारागिरास ताप भरतो.

चाकांमुळे एक नवा धोकाही उत्पन्न होतो, तो सांगणे आमचे कर्तव्य आहे. शेगडी हलकी चालू लागली की पेटलेली असतानाच ती सरकविण्याची बुद्धी होते. वजन हलके झाले, तरी विस्तव हलका होत नाही. आधी हलवावी, मग पेटवावी, हा नियम कधी मोडू नये. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांसह ती बंद खोलीत नेणे तर प्राणावर बेतते, कारण निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही व त्यास वासही नसतो. तापलेल्या पत्र्यावर पाणी ओतू नये. पत्रा वाकतो व वाफेने हात भाजतात. राख सकाळपर्यंत निवू द्यावी आणि चाचपून मगच उकिरड्यावर टाकावी.

आता आमची शेगडी वाऱ्याची दिशा पाहून दरवेळी गंजीपासून दूर उभी राहते. ती नेण्यास गडी बोलवावे लागत नाहीत. घरातील दोघे पुरतात, आणि त्यांत एक मूठ आमच्या हाती असते. ज्यांच्या खळ्यावर अशी जड शेगडी आहे, त्यांनी एकदा तिची एक कड स्वतः उचलून पाहावी. चाकांचा खर्च करावा की नाही, हे मग त्यांस दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.