दोरीच्या टोकाला बांधलेला कॅमेरा

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर हरायझन’ या तेल-रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले आणि समुद्रतळातून ८७ दिवस तेल वाहत राहिलं. गळतीच्या भागावर विमानांना ३,००० फुटांखाली उतरायला मनाई झाली. तेवढ्या उंचीवरून दलदलीतल्या गवताला लागलेलं तेल नीट दिसायचं कसं? लुईझियानाचे रहिवासी आणि कार्यकर्ते हेलियमचा फुगा, लांब दोरी आणि साधा डिजिटल कॅमेरा घेऊन मच्छीमार बोटींतून निघाले.

ही युक्ती संशोधक जेफ्री वॉरन यांनी त्याच वर्षी पेरूमधल्या लिमाच्या वस्त्यांत लोकांबरोबर आजमावली होती. ‘लुईझियाना बकेट ब्रिगेड’ ही पर्यावरण संघटना सोबत आली आणि या कामातून ‘पब्लिक लॅब’ ही संस्था उभी राहिली. किनाऱ्याची एक लाखाहून अधिक छायाचित्रं जमली. संस्थेचा इतिहास एवढ्यावर सोडतो, कारण माझं मन अडकलं ते शीतपेयाच्या बाटलीत.

दोन लिटरची बाटली घ्यायची, तिचा तळ कापायचा. कॅमेरा आत टांगायचा, लेन्स खाली. तोंडाकडची बाजू वर दोरीला. बाटली वारा अडवते आणि जमिनीवर आपटल्यास मार स्वतः सोसते. कॅमेरा सलग फोटो काढण्यावर ठेवायचा आणि बटण दाबून धरायला त्यावर रबरबँड ताणायचा. कार्ड भरेपर्यंत तो टिपत राहतो. वर माणूस नाही, रिमोट नाही. १८५८ मध्ये पॅरिसजवळ छायाचित्रकार नादारला स्वतः फुग्यात बसावं लागलं होतं आणि फुग्यातल्या वायूने त्याच्या छायाचित्रांच्या काचा खराब केल्या होत्या. इथे फोटो काढणारा खाली चिखलात उभा असतो. दोरी कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसतं, कोणीही येऊन विचारू शकतं. आकाशातून पाहण्याची इतकी उघड रीत दुसरी नसेल.

एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. अमेरिकेत ६ फुटांहून जास्त व्यासाच्या बांधलेल्या फुग्याला वेगळे नियम लागतात, म्हणून साडेपाच फुटांचा फुगा सोयीचा. त्यात अडीच घनमीटर वायू मावतो, कॅमेऱ्याला पुरून उरतो.

खरी कसोटी वाऱ्याची. वारा वाढला की फुगा वर जायचं सोडून आडवा झुकतो, पतंगासारखा गोता खातो. हातमोजे नसतील तर दोरी तळहात कापते. बाटली गरगरते, बरेच फोटो तिरके किंवा धूसर निघतात. उरलेले ‘मॅपनिटर’ या नकाशे जोडण्याच्या संगणकीय साधनावर उपग्रहचित्राशी जुळवून हातानेच बसवायचे असतात. शहरात छपरं, रस्ते मदतीला असतात. दलदलीत मात्र भरती-ओहोटीने काठच हलतो, मग जुळवायचं कशाशी?

आणि हेलियम महाग आहे. तो मुख्यतः नैसर्गिक वायूच्या विहिरींतून मिळतो. म्हणजे तेल-वायू उद्योगावर नजर ठेवणारा फुगा भरायलाही त्याच उद्योगाचं दार ठोठावावं लागतं. शिवाय एकदा हवेत सुटलेला हेलियम हळूहळू अवकाशात निघून जातो, परत मिळत नाही. मला याची काळजी वाटते. हायड्रोजन स्वस्त पडतो, पण पेट घेतो, आणि नवशिक्यांच्या हातात तो देणार कोण? वारा चांगला असला की पब्लिक लॅबची मंडळी पतंगाला कॅमेरा बांधतात, त्याला वायू लागत नाही. पण वारा पडलेल्या दिवशी पतंग उठतच नाही. त्या दिवशी सिलिंडर भाड्याने आणावाच लागतो.