वटवट्याचं वय

घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेल्या पिल्लाचे डोळे राखाडी असतात. काही महिन्यांत ते फिकट तपकिरी होतात आणि मग लालसर. एकदा ही लाली चढली की सेशेल्सच्या वटवट्याचं वय नुसतं पाहून ओळखता येत नाही. दोन वर्षांचा आणि बारा वर्षांचा पक्षी एकाच फांदीवर बसले, तरी थोरला कोण ते सांगणं अवघड. जुनी पिसं झडतात, नवी येतात. सुरकुती नाही की पांढरा केस नाही. वय जाणायचं तर पक्षी लहान असतानाच ओळखून ठेवायचा आणि मरेपर्यंत त्याची नोंद चुकू द्यायची नाही.

हिंदी महासागरातल्या कझिन बेटावर हे जमलं आहे. बेट जेमतेम २९ हेक्टरांचं. नारळाच्या लागवडीपायी मूळ झाडी संपत आली आणि १९६०च्या दशकात साऱ्या जगातले सेशेल्स वटवटे म्हणजे या बेटावर उरलेले तीसेक पक्षी, अशी वेळ आली होती. १९६८ मध्ये पक्षिसंरक्षणासाठी बेट विकत घेतलं गेलं, नारळ हटवून पिसोनियाची झाडी वाढू दिली आणि संख्या ३२०च्या आसपास स्थिरावली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर डच जीवशास्त्रज्ञ यान कोमडूर यांनी सुरू केलेला अभ्यास आजही चालू आहे.

या अभ्यासात काम करताना मी रमले ती दोन कामांत. पहिलं जाळ्याचं. झाडांच्या सावलीत बारीक धाग्यांचं जाळं ताणायचं आणि त्यावरची नजर हलवायची नाही. पक्षी अडकला की तो कोणत्या बाजूने शिरला ते आधी बघायचं आणि त्याच बाजूने सोडवायचं; बहुधा पायांपासून सुरुवात. मग मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला टेकलेली. छाती दाबायची नाही, कारण पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. वजन १५ ग्रॅमच्या आसपास. एका पायात नंबराचं धातूचं कडं, शिवाय तीन रंगीत कडी. रंगांची ही जुळणी त्या एकट्या पक्ष्याची. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा. नर-मादी सारखेच दिसतात, त्यामुळे लिंग रक्तावरूनच कळतं. आईबापही त्यावरूनच कळतात.

दुसरं काम मला जास्त आवडलं: कडी वाचण्याचं. हा पक्षी किडे टिपतो ते पानांच्या खालच्या बाजूने. पिसोनियाची पानं मोठी. डावा पाय दिसतो, निळ्याखाली पांढरं वाचून होतं, तोवर उजवा पानाआड जातो. मान अवघडते, दुर्बिणीवर घामाची वाफ धरते. दोन्ही पाय स्पष्ट दिसल्याशिवाय मी वहीत काही लिहीत नसे. चुकीचं वाचलेलं एक कडं मेलेल्या पक्ष्याला कागदावर जिवंत ठेवू शकतं.

कझिनची खरी ताकद अशी की वटवटे हे बेट सहसा सोडत नाहीत आणि प्रौढ पक्ष्याला खाणारं तिथे जवळपास कोणी नाही. दिसेनासा झालेला पक्षी मेला, असं इथे खात्रीने म्हणता येतं. प्रौढांपैकी साधारण ८४ टक्के पुढच्या वर्षी जिवंत असतात. पहिल्या वर्षाच्या पिल्लांपैकी ६१ टक्के. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू सरासरी साडेपाच वर्षं जगतं आणि काहींनी सतरा वर्षं गाठली आहेत. इंग्लंडमधला रॉबिन साधारण याच वजनाचा, पण बहुधा दोन वर्षांत संपतो.

मोठ्या जंगलात पक्षी मेला की नाही हे ठरवणं इतकं सोपं नाही. उष्ण प्रदेशातले छोटे पक्षी जास्त जगतात, हे पक्षिशास्त्रात गृहीतच धरलं जायचं. १९९० मध्ये जेम्स कार आणि सहकाऱ्यांनी पनामा आणि मेरीलँड इथल्या जाळ्यांतल्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. त्यावरचा वाद पुढे बरीच वर्षं चालला. जाळ्यात परत न आलेला पक्षी मेला की रान बदलून गेला, ते जाळं सांगत नाही.

म्हातारपणाचंही कझिनवर मोजमाप झालं. रक्तातल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. ते वयानुसार झिजतात आणि ज्यांचे आखूड, त्यांची पुढचं वर्ष गाठण्याची शक्यता कमी. सहा-सात वर्षांनंतर पक्ष्यांची उतरण दिसू लागते. पण सगळे एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. या पक्ष्यांत थोरली मुलं, विशेषतः मुली, कधीकधी आईबापांजवळ राहून धाकट्यांना भरवतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं की उतारवयात असा मदतनीस लाभलेल्या माद्यांचे टेलोमिअर कमी झिजतात आणि त्या जास्त टिकतात. मला या साऱ्या अभ्यासातला हा सर्वांत मोलाचा धागा वाटतो, कारण वर्षानुवर्षं कडी वाचल्याशिवाय तो हाती लागलाच नसता.

भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालते आहे. कडं असलेला पक्षी, जिवंत किंवा मेलेला, तुम्हाला दिसला तर कड्यावरचा नंबर, जागा आणि तारीख लिहून संस्थेला कळवा. जिवंत पक्ष्याच्या पायातलं कडं मात्र काढू नका.