कुत्रं की लांडगा? माळावरचा गुंता आता केसाच्या मुळातून सुटतोय

नळदुर्ग : रात्री मेंढरांच्या वाड्यात काहीतरी शिरतं आणि दोन कोकरं फाडून जातं. सकाळी कुणी म्हणतं लांडगा होता, कुणी म्हणतं गावातलीच मोकाट कुत्री. ठसा बघून छातीठोक सांगणारे जुने धनगर आजही आहेत, पण मोठ्या कुत्र्याचा आणि लांडग्याचा ठसा इतका सारखा असतो की भलेभले फसतात.

आता याचं उत्तर केसाच्या मुळातून, विष्ठेतून किंवा जखमेवर राहिलेल्या लाळेतून मिळू शकतं. अशी तपासणी करणारी प्रयोगशाळाही फार लांब नाही. नळदुर्गवरून जाणाऱ्या महामार्गाने सरळ पुढे गेलं की हैदराबाद. तिथं ‘सीसीएमबी’ या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘लॅकोन्स’ विभाग आहे, तो वन्यप्राण्यांच्या डीएनएवरच काम करतो. शिकारीच्या गुन्ह्यात जप्त केलेलं मटण बोकडाचं की काळविटाचं, हेही डीएनएवरून कळतं. मटण शिजलेलं असलं तरी बऱ्याचदा कळतं.

पण लांडग्याच्या बाबतीत याच तंत्रानं एक वेगळीच गोष्ट उघडकीस आणली आहे.

उस्मानाबादी शेळीवरून समजून घ्या

प्रत्येक प्राण्याच्या पेशीत डीएनए असतो. चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूरच म्हणा. निम्मा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. समजा, तुमच्या उस्मानाबादी शेळीला बोअर बोकड लावला. पिल्लात निम्मं रक्त बोअरचं. ते पिल्लू मोठं झाल्यावर पुन्हा उस्मानाबादीशी जुळलं तर पुढच्या पिढीत बोअरचा वाटा साधारण पाव. आणखी दोन-तीन पिढ्या गेल्या की शेळी दिसायला काळीभोर, कुळकुळीत. बाजारात कुणीही ‘शुद्ध उस्मानाबादी’ म्हणून पैसे मोजेल. डोळा फसतो. डीएनए फसत नाही, त्यात बाहेरचा तुकडा सापडतोच.

यात एक मेख आहे. डीएनएचा एक छोटा भाग फक्त आईकडूनच येतो. साध्या चाचणीत अनेकदा तेवढाच तपासतात. आई लांडगीण आणि बाप कुत्रा असेल, तर ती चाचणी पिल्लाला ‘लांडगा’ म्हणूनच पास करणार. म्हणून संकर पकडायचा तर पूर्ण मजकूर वाचावा लागतो.

पुणे जिल्ह्याच्या माळरानावर नेमकं तेच झालं. ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’च्या लोकांना तिथं पिवळसर, नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचे लांडगे दिसले. शंका आली, पण रंगावरून सिद्ध काय होणार? मग बंगळुरूच्या ‘एट्री’ आणि ‘एनसीबीएस’ या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणी केली. 2023 मध्ये निष्कर्ष आला : लांडग्यात कुत्र्याचं रक्त मिसळलं आहे. भारतात असा डीएनएचा पक्का पुरावा मिळण्याची ही पहिलीच वेळ.

पुण्याचं आपल्याला काय, असं वाटेल. पण तसाच माळ, तशीच मेंढरं, तशीच मोकाट कुत्री सोलापूरच्या नान्नजपासून आपल्या तुळजापूर तालुक्यापर्यंत आहेत. नान्नजला माळढोक उरला तो नावापुरता. लांडगा अजून आहे.

हा लांडगा साधासुधा नाही

2021 मध्ये भारतातल्या लांडग्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून कळलं की आपल्या माळावरचा लांडगा हा जगातल्या करड्या लांडग्यांमधल्या सर्वांत जुन्या वंशांपैकी एक आहे. युरोप-अमेरिकेतल्या लांडग्यांपासून तो फार पूर्वीच वेगळा झाला. देशात असे लांडगे सुमारे 3 हजारच आहेत, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वाघ निघाला की टीव्हीवाले धावतात. लांडग्याच्या नशिबी दगडच.

अर्थात ज्याची मेंढरं गेली, त्याला लांडग्याची थोरवी ऐकवण्यात अर्थ नाही. त्याचा तोटा खरा आहे. पण एक गोष्ट त्यालाही कामाची आहे.

कुत्रा हा मुळात लांडग्यापासूनच झालेला प्राणी. त्यांचं जुळतं आणि पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात. तरी कळप शाबूत असताना लांडगे कुत्र्याला सहसा जवळ येऊ देत नाहीत. हुसकून लावतात, प्रसंगी मारतात. कळप मोडला की गणित बिघडतं. बिळात धूर करून पिल्लं मारली, विष घातलं, एखादा रस्त्यावर गाडीखाली गेला, तर मागं एकटा राहिलेला लांडगा जोडीदार शोधत फिरतो आणि त्याला भेटतं कुत्रं. म्हणजे लांडगा संपवायला जावं, तर उरलेल्यांतून संकर निपजण्याची शक्यता वाढते. असं जनावर माणसाला कमी बुजेल, अशी भीती अभ्यासकांना वाटते. मेंढपाळाच्या दृष्टीनं हा सौदा वाईटच.

ही भेट होते कुठं? गावाबाहेर मेलेली जनावरं आणि पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या टाकतात तिथं. कुत्री त्यावरच पोसतात आणि लांडगेही तिथं येतात. रक्तासोबत रोगही तिथंच पसरतो. रेबीज आहेच, शिवाय कुत्र्यांमधला डिस्टेंपर. 2018 मध्ये गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले, त्यात या डिस्टेंपरचा हात होता. त्यावर नेमकं औषध नाही, पण कुत्र्याला लस देता येते.

व्हॉट्सॲपवरचा पांढरा लांडगा

2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘कोलॉसल’ कंपनीनं हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडगा परत आणला म्हणून गाजावाजा केला. पांढऱ्या पिल्लांचे व्हिडिओ आपल्याकडेही फिरले. प्रत्यक्षात ते आजच्याच करड्या लांडग्याच्या पेशीत 20 ठिकाणी बदल करून जन्माला घातलेले प्राणी आहेत. मेलेली जात परत आली, असं म्हणणं अनेक शास्त्रज्ञांना मान्य नाही.

त्यापेक्षा स्कॉटलंडचं उदाहरण आपल्याला जवळचं. तिथलं रानमांजर पाळीव मांजरांत मिसळत गेलं आणि 2019 मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं की रानात ही जात आता स्वतःच्या बळावर टिकणार नाही. मग डीएनए तपासून त्यातल्या त्यात शुद्ध मांजरं निवडली, पिंजऱ्यात त्यांची पिल्लं वाढवली आणि 2023 पासून ती रानात सोडली जात आहेत. खर्च आणि खटाटोप दोन्ही मोठे. आपल्याकडे ती वेळ अजून आलेली नाही.

मेंढरू मारलं गेलं तर

वन्यप्राण्यानं शेळी-मेंढी मारली तर वन विभाग भरपाई देतो आणि त्यात लांडगाही येतो. कुत्र्यानं मारलं तर ती भरपाई मिळत नाही. म्हणूनच पुरावा महत्त्वाचा. मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका आणि 48 तासांच्या आत वन कर्मचाऱ्याला कळवा. वन विभागाची हेल्पलाइन 1926. प्रत्येक प्रकरणात डीएनए तपासतीलच असं नाही. बहुतेक वेळा पंचनामा ठसे आणि दातांच्या खुणांवरच होतो. पण लाळेचा नमुना घ्यायची वेळ आलीच, तर तो ऊन, माश्या आणि मागाहून आलेली कुत्री यांनी बिघडलेला नसावा. जखमेला हात लावू नका, धुऊ नका. वर गोणपाट किंवा काटे टाकून कुत्र्यांना लांब ठेवा आणि मोबाइलवर जखमेचे, ठशांचे फोटो काढून ठेवा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवली की मापाचा अंदाज येतो.

मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडता येईल. मेलेली जनावरं पुरायची जागाही तिथंच ठरवून घेता येईल.