सशाचा पचनविकार : लक्षण, संज्ञा आणि उपचार

१

रोगाला दिलेले नाव हे बहुधा निव्वळ नाव नसते. रोगाच्या कारणाविषयीचे एक विधान त्यात दडलेले असते. ते विधान बरोबर असेल तर नाव उपचाराची वाट दाखविते; चुकीचे असेल तर तेच नाव उपचाराला आडवाटेस नेते. पाळीव सशाच्या पचनविकाराला वेळोवेळी दिली गेलेली नावे या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. येथे रुग्णाला वाचा नाही. त्याच्या वतीने पाळणारा बोलतो आणि त्या बोलण्यावरून पशुवैद्याला निदानाकडे वळावे लागते. म्हणून या विकारात शरीरशास्त्र आणि शब्दार्थ यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

‘ससा’ हा शब्दच प्रथम घ्यावा. मराठीत तो दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. माळरानावर आणि शेताच्या बांधावर दिसणारा रानससा म्हणजे ‘लेपस निग्रिकोलिस’. घरात पाळला जातो तो ‘ओरिक्टोलेगस क्युनिक्युलस’. हा मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातील, बिळे करून राहणारा प्राणी होय. कोरड्या, चरबट गवतावर जगण्यासाठी त्याचे पचनेंद्रिय घडलेले आहे. गोष्टींतील चित्रांवरून ‘ससा म्हणजे गाजर खाणारा’ अशी समजूत रूढ झाली असली, तरी गोड गाजर, पोळी, पाव आणि बिस्किटे हे त्याचे स्वाभाविक अन्न नव्हे.

२

सशाच्या पचनाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या विकाराचा उलगडा होत नाही. पहिले असे की, सशाला ओकारी होत नाही. जठरात गेलेले अन्न पुढेच सरकावे लागते. दुसरे असे की, त्याचे खरे पचन जठरात नव्हे, तर अंधनालात होते. अंधनाल म्हणजे एका टोकाला बंद असलेली, आतड्याला जोडलेली मोठी पिशवी. पचनमार्गाच्या एकूण आकारमानाचा सुमारे ४० टक्के भाग या एकाच अवयवाने व्यापलेला असतो. तेथील सूक्ष्मजंतू वनस्पतिद्रव्ये आंबवून त्यांपासून पोषक द्रव्ये तयार करतात.

मोठ्या आतड्याच्या आरंभी अन्नाची विभागणी होते. लांब, न पचणारे तंतू पुढे जाऊन कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण मागे, अंधनालात ढकलले जातात. आंबलेल्या द्रव्याचे मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारखे घोस ठराविक वेळी बाहेर येतात आणि ससा ते थेट गुदद्वारापासून खातो. फ्रेंच पशुवैद्य मोरो यांनी १८८२ मध्ये या वर्तनाची नोंद केली होती. अशा रीतीने एकच अन्न दोन वेळा पचनमार्गातून जाते.

लांब तंतूंना पोषणमूल्य नगण्य असले, तरी आतड्यांची पुढे ढकलणारी हालचाल त्यांच्यामुळेच चालू राहते. आहारातील वाळलेले गवत कमी होऊन पिष्टमय पदार्थ वाढले की, ही हालचाल मंदावते व अंधनालातील सूक्ष्मजंतूंचे संतुलन बिघडते. ही गती खुंटण्याची इतरही कारणे आहेत : दाढांची अनियमित वाढ व तिच्यामुळे होणारी वेदना, उन्हाळ्याचा ताप, पाण्याची कमतरता, जागेतील बदल, भीती, शस्त्रक्रिया.

३

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बराच काळ या विकाराला ‘केसांचा गोळा’ या अर्थाचे नाव रूढ होते. मृत सशाचे जठर उघडले असता केस आणि अन्न यांचा घट्ट गोळा आढळत असे. त्यावरून गोळा हेच कारण ठरविले गेले. नावानुसार उपचार ठरले : अननसाचा रस, पपईतील पाचक द्रव्यांच्या गोळ्या, तेलकट रेचके आणि प्रसंगी जठर चिरून गोळा काढण्याची शस्त्रक्रिया.

या तर्कात कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली होती. ससा सतत अंग चाटतो. त्यामुळे निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच, आणि एरवी ते अन्नाबरोबर पुढे निघून जातात. गती मंदावल्यावर जठरातील ओलावा शोषला जातो आणि केसांसह अन्न घट्ट होते. गोळा हा मंदगतीचा परिणाम होय. शिवाय अननस व पपईतील पाचक द्रव्ये केसांतील केराटिन विरघळवू शकत नाहीत. रसातील शर्करा मात्र बिघडलेल्या सूक्ष्मजंतूंना आयते खाद्य पुरविते.

तथापि केसांना सर्वस्वी निर्दोष ठरविणेही बरोबर नव्हे. केसांची दाबून घट्ट झालेली गुठळी जठरातून निसटून लहान आतड्यात अडकली, तर मार्ग पूर्णपणे बंद होतो. हा निराळा आणि अधिक घातक विकार आहे. ‘केसांचा गोळा’ या एका नावाखाली या दोन अवस्था एकत्र झाल्या होत्या. पुढे ‘गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्टॅसिस’, म्हणजे पचनाची गती खुंटणे, ही संज्ञा आली. तिने वस्तूऐवजी प्रक्रियेवर बोट ठेवले, परंतु गती का खुंटली हा प्रश्न अनेकदा अनुत्तरित ठेवला. अलीकडे काही पशुवैद्यकीय लेखनात ‘संलक्षण’ या अर्थाची संज्ञा वापरली जाते. अनेक कारणांनी उद्भवणारा लक्षणसमूह एवढेच ती सांगते, आणि म्हणून कारणाचा शोध घेणे भाग पाडते.

४

पाळणाऱ्यांच्या बोलीतील शब्दही असेच तपासून घ्यावे लागतात. लेंड्या थांबल्या की ‘बद्धकोष्ठ झाले’ असे म्हटले जाते. हा शब्द माणसाच्या व्याधीवरून घेतलेला असल्याने त्यामागोमाग रेचकाची कल्पना सहज येते. सशाला मात्र गरज असते ती वेदनाशमनाची, पाण्याची आणि तंतुमय अन्नाची. उलट, शेपटीखाली मऊ मल चिकटलेला दिसला की ‘जुलाब’ म्हटले जाते. पुष्कळदा ते न खाल्ले गेलेले मऊ घोस असतात. लठ्ठपणा, पाठीचे दुखणे किंवा अतिपौष्टिक आहार हे त्यांचे कारण असते. खरा, पाण्यासारखा जुलाब ही निराळी गोष्ट आहे. लहान पिलांत तो विशेष प्राणघातक ठरतो.

ससा हा भक्ष्य प्राणी असल्याने दुखणे लपवितो. त्यामुळे चिन्हे बारकाईने वाचावी लागतात. भूक मंदावणे, लेंड्या लहान, वेड्यावाकड्या किंवा बंद होणे, अंग आक्रसून बसणे, पोट जमिनीला टेकविणे, दात करकर वाजविणे, कान गार पडणे ही प्रमुख लक्षणे होत. २०१२ मध्ये काही संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरील वेदना मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध केली. डोळे आवळणे, गाल चपटे होणे, नाकपुड्यांचा आकार, मिशांची ठेवण आणि कानांची ठेवण ही पाच चिन्हे तिच्यात आहेत. रुग्ण स्वेच्छेने जे सांगत नाही, ते या चिन्हांवरून वाचता येते.

५

सुमारे दहा-बारा तास सशाने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची अवस्था समजावी. ‘उद्या पाहू’ हे धोरण येथे घातक ठरते. उपाशी सशाच्या यकृतात मेद साचू लागतो. पोट एकाएकी फुगून ताठ झाले असेल किंवा ससा मलूल पडला असेल, तर एवढा वेळही थांबू नये.

पशुवैद्यापुढील पहिला प्रश्न असतो : गती मंदावली आहे की मार्ग बंद झाला आहे? क्ष-किरण चित्राबरोबर रक्तशर्करेचे मापन यासाठी उपयोगी पडते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हारकोर्ट-ब्राउन यांच्या अभ्यासात, आतडे अडलेल्या सशांची रक्तशर्करा गती मंदावलेल्या सशांपेक्षा पुष्कळच अधिक आढळली. लिटरमागे २० मिलिमोलच्या वरची पातळी गंभीर अवस्थेची निदर्शक ठरली. शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे हेही चिंताजनक चिन्ह होय.

मार्ग मोकळा असेल तर वेदनाशामक औषध, ऊब, शिरेतून वा कातडीखालून द्रव, तंतुमय अन्नाची पातळ पेज पिचकारीने भरविणे आणि आवश्यक वाटल्यास गती वाढविणारे औषध असा क्रम असतो. मार्ग बंद असेल तर भरविणे अपायकारक ठरते. तेथे जठरातील दाब कमी करणे व प्रसंगी शस्त्रक्रिया करणे हाच उपाय उरतो. घरी उरलेली माणसाची औषधे कदापि देऊ नयेत. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके तोंडाने दिल्यास अंधनालातील उपयुक्त जंतू नष्ट होतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो.

विकार टाळण्याचा मार्ग साधा आहे. आहाराचा बहुतांश भाग वाळलेल्या गवताचा असावा, पाला थोडा व विविध असावा, स्वच्छ पाणी सदैव असावे. लसूणघास वाढत्या पिलांना चालतो. प्रौढ सशाचा तो मुख्य आहार असू नये. उन्हाळ्यात सावली व वारा मिळावा आणि दाढांची नियमित तपासणी व्हावी.

पशुवैद्याकडे जाताना पाळणाऱ्याने रोगाचे नाव न सांगता पाहिलेले सांगावे : शेवटचे काय व केव्हा खाल्ले, शेवटची लेंडी केव्हा टाकली, ती केवढी होती, बसण्याची ढब कधी बदलली. ‘बद्धकोष्ठ’ किंवा ‘केसांचा गोळा’ असे नाव आधी उच्चारले की, पुढचे प्रश्न त्या नावाच्या चौकटीतच विचारले जाण्याचा संभव असतो. मंदगती आणि अडथळा यांतील फरक काही तासांतच ओळखावयाचा असतो, आणि तो या तपशिलांच्या आधारे ओळखणे सुकर होते.