नागपूरच्या हँगरांना काम कोण देणार?

दोन विमान कंपन्या एक झाल्या म्हणजे विमानांच्या नव्या रंगाची चर्चा सर्वत्र होते. ती विमाने दुरुस्त करणाऱ्या हातांची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हाही हेच घडले. नागपूरकरांना ही उपेक्षा परवडणारी नाही.

एअर इंडियाने ६८ विमाने खरेदी केली, तेव्हा बोइंग कंपनीने दुरुस्ती-केंद्र उभारून देण्याचे वचन दिले होते. ते मिहान येथे उभे राहिले आणि २०१५ साली सुरूही झाले. वचन पाळले गेले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ते वचन इमारतीचे होते. तेथे विमाने येत राहतील, याचे नव्हते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सरकारने एअर इंडिया टाटांच्या हवाली केली, आणि दुरुस्तीची कंपनी मात्र स्वतःकडे ठेवली. विमाने एकाची, हत्यारे दुसऱ्याची! एक वर्षपर्यंत नोकरकपात न करण्याची अट विक्रीत होती. पण ती मुदतीची हमी होती, स्थळाची नव्हे.

२०२४ साली एअर इंडियाने बंगळुरूस स्वतःच्या केंद्राच्या उभारणीस आरंभ केला. व्यापार म्हणून त्यांत वावगे काही नाही. इतर कंपन्यांची कामे नागपुरास मिळवता येतील, हेही खरे; पण घरचे गिऱ्हाईक गेल्यावर ती किती पुरणार? दुरुस्तीची कंपनीही विकण्याचा मानस सरकारने बोलून दाखविला आहे. त्या करारात दरवर्षी किती विमानांची मोठी तपासणी नागपुरात होईल, तो आकडा लिहून घेतला जावा. महाराष्ट्राच्या खासदारांनी त्याची मागणी विक्रीपूर्वीच करावयास हवी.