मुक्या जनावरांचा वैद्य

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली, की वाटेत काटेवाडी येथे एक आगळे रिंगण होते. धनगर आपल्या मेंढ्यांचे कळप पालखीभोवती पळवतात. कळपाला रोगराईची बाधा होऊ नये, ही त्यामागची त्यांची श्रद्धा. ज्याचे पोट जनावरांवर अवलंबून आहे, त्याला जनावरांच्या आजाराची धास्ती किती असते, हे यावरून ध्यानात येईल.

बारामती व इंदापूर हे अवर्षणाशी झगडत आलेले तालुके. नीरेच्या डाव्या कालव्याने काही शिवार उसाने हिरवे केले. परंतु अनेक कुटुंबांचा संसार गोठ्यातील दोन-चार गाईंच्या दुधावरच चालतो. अशा घरची गाय आजारी पडली, म्हणजे रोजची मिळकत थांबते. म्हणून पशुवैद्याला तातडीने बोलावणे जाते.

माणूस आपले दुखणे बोलून दाखवतो. जनावराने ते कसे सांगावे? त्याची भाषा लक्षणांची असते आणि ती वाचणे हीच पशुवैद्याची विद्या होय.

पशुवैद्य गोठ्यात शिरताच सुई टोचत नाही. तो प्रथम मालकाला विचारतो, ‘गाय कधी व्याली? काल वैरण किती खाल्ली? रवंथ करते का? शेण कसे टाकते? दूध किती घटले?’ मग तो दुरून तिची उभे राहण्याची ढब, डोळे व श्वास न्याहाळतो. त्यानंतर शेपटीच्या बुडाशी बोट लावून नाडी पाहतो आणि गुदद्वारात तापमापक ठेवून ताप मोजतो. निरोगी गाईच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा थोडे अधिक असते. शेवटी डाव्या भकाळीवर मूठ दाबून तो पोटाची हालचाल अजमावतो. दोन मिनिटांत दोन-तीन लाटा जाणवल्या, तर पचन सुरळीत आहे असे समजावे. कुत्र्यामांजरांच्या तपासणीचाही क्रम साधारणपणे असाच असतो.

या तपासणीचे मोल एका उदाहरणाने कळेल. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांतच कधी कधी खाली बसते, मान कुशीकडे वळवते आणि उठेनाशी होते. या रोगाला ‘दुग्धज्वर’ म्हणतात. पण नावात ज्वर असला, तरी अंगात ताप नसतो. उलट कान गार पडतात आणि तापमापकातील आकडा उतरलेला दिसतो. चिकात व दुधात एकाएकी पुष्कळ चुना, म्हणजे कॅल्शियम, निघून गेल्याने रक्तातील त्याचे प्रमाण घटते व स्नायू लुळे पडतात. अशा वेळी तापाचे औषध देणे व्यर्थच. पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडतो आणि हृदयाच्या ठोक्यांकडे कान ठेवतो. कारण घाई केल्यास हृदय बंद पडू शकते. उपचार वेळेवर झाला, तर पुष्कळदा मरणपंथाला लागलेली गाय थोड्याच वेळात उठून उभी राहते. उशीर झाला, तर मात्र ती दगावते.

काही रोग एका गोठ्यापुरते राहत नाहीत. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची साथ पसरली. अंगावर गाठी आणणारा हा रोग विषाणूमुळे होतो व डास, माश्या आणि गोचिडांमार्फत फैलावतो. विषाणू मारणारे खात्रीचे औषध नसल्याने ताप व जखमा यांवर उपचार करणे, आजारी जनावर वेगळे बांधणे आणि निरोगी जनावरांना लस टोचणे, हाच मार्ग उरतो. लसीची शक्ती थोर आहे. एके काळी गोठेच्या गोठे ओस पाडणारी बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे २०११ साली जाहीर झाले, ते मुख्यत्वे लसीकरणाच्या बळावरच.

तथापि पशुवैद्य चोवीस तास गोठ्यात नसतो. गाईने घास टाकला, रवंथ थांबवले, हे प्रथम दिसते ते वैरण घालणाऱ्याला. आणि पुष्कळ घरांत ते काम मुलेच करतात. त्यांनी वेळीच पाहिले व मोठ्यांना सांगितले, तर पशुवैद्याच्या विद्येला यश येते. मुक्या जीवाच्या वतीने पहिला शब्द कोणी तरी बोलावाच लागतो.