रंगावर जाऊ नका, मान बघा!

समजा, तुम्ही गागोदे बुद्रुकचे. पेण तालुक्यातलं हे गाव विनोबांचं जन्मगाव. कुणी गावाचं नाव विचारलं की पुढे 'विनोबांचं' हे जोडावंच लागतं, याची तुम्हाला सवय आहे. सीझनभर हमरापूर-जोह्याकडच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करून तुम्ही पंधरा हजार साठवलेत. मोबाइलवर बारा हजारांची एक बेस गिटार दिसतेय, काळी, चकचकीत. घरी दाखवली तर आईचा पहिला प्रश्न, "गिटारला सहा तारा असतात ना? हिला चारच? दोन कमी आणि वर एवढे पैसे?"

आईला काय उत्तर द्यायचं ते नंतर बघू. आधी स्वतःला विचारा, हे बारा हजार वसूल होणार का?

'स्वस्त' या शब्दाला बिचकू नका. इलेक्ट्रिक बेसचा जन्मच सोयीपोटी झालाय. त्याआधी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. तो प्रवासात न्यायचा म्हणजे वैताग, आणि ड्रम-गिटारच्या आवाजात ऐकूही येत नसे. 1951 मध्ये अमेरिकेत लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. लाकडाची सपाट फळी, तिला स्क्रूने जोडलेली मान आणि मानेवर फ्रेट, म्हणजे बोट ठेवलं की सूर नेमका लागणार. नावातलं 'प्रिसिजन' ते हेच. (विनोबांचं भूदानही 1951चंच, एप्रिलमध्ये पोचमपल्लीला सुरू झालेलं. योगायोग आहे, पण गागोद्याच्या पोराला सांगायला बरा.) थोडक्यात, हे पहिल्यापासून कारखान्यातलं वाद्य. आज स्वस्त बेसचं लाकूडही मशीनवरच कापलं जातं. पैसे वाचवले जातात ते माणसाच्या हाताच्या वेळेत: फ्रेट घासण्यात, खुंट्यांच्या धातूत, आतल्या वायरिंगमध्ये.

कारखान्यात तुम्ही हे शिकलेलाच आहात. सोनेरी रंग सगळ्यात शेवटी लागतो आणि गिऱ्हाईक तोच आधी बघतं. जाणकार मात्र हाताचा सांधा बघतो, मूर्ती पाटावर डुगडुगते का ते बघतो. बेसमध्ये तो सांधा म्हणजे मान.

नेहमीच्या बेसच्या तारेची वाजणारी लांबी 34 इंच असते. चार तारांचा मिळून ताण सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या आसपास जातो. हा ताण दिवसरात्र एका लाकडी पट्टीवर, आणि त्यात आपला पावसाळा! जिथे जूनमध्ये दार चौकटीत अडकतं, तिथे मानेचं लाकूड जागच्या जागी राहील असं समजू नका. म्हणून मानेच्या आत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती एका छोट्या चावीने फिरवून मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. दुकानदाराला ती तुमच्यासमोर पाव फेरा फिरवून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल किंवा नट हलतच नसेल, तर गिटार खाली ठेवा. मी पहिला बेस घेतला तेव्हा हे विचारलं नव्हतं. श्रावण येईपर्यंत मान धनुष्यासारखी झाली आणि सळई आत गंजून बसलेली निघाली.

बाक मोजायला यंत्र लागत नाही. जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. मग मानेच्या कडेवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं टोचतायत का बघा. आणि लाजू नका, प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट वाजवा. चार तारा, वीसेक फ्रेट, म्हणजे ऐंशी सूर, पाच मिनिटांचं काम. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे, पैसे तुमचे आहेत. एखादा सूर दोरीसारखा भसकन विझत असेल तर घाबरू नका, पातळ तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास असं महागड्या बेसलाही होतं. चारपाच सूर खरखरत असतील, तर आधी सेटअप करून मागा. सेटअपनंतरही खरखर राहिली तर विषय संपला.

व्हिडिओ बघून आवाजाचा निवाडा करणाऱ्यांसाठी एक आकडा. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ सूर सेकंदाला साधारण 41 कंपनांचा असतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला तो वाजवताच येत नाही. तुम्ही ऐकता ते फक्त त्याचे वरचे स्वर. तेव्हा "साउंड भारी आहे" हे मत फोनवरून बनवू नका, निदान चांगले इअरफोन तरी लावा.

दुकानात नॉब फिरवून खरखर ऐका, केबल जॅकमध्ये हलवून बघा. घरी आणल्यावर मात्र घूंऽऽ असा आवाज आला, तर लगेच गिटारला शिव्या घालू नका. तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली, तर गिटारच्या आतली जोडणी बहुतेक ठीक आहे. मग घरातल्या प्लगचं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे का, हे वायरमनला विचारा. तारांना हात लावून झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग तपासल्याशिवाय वाजवायचंच नाही.

आता पंधरा हजारांचा हिशेब. बाराची गिटार घेतली की उरले तीन. त्यात केबल, पट्टा, पिशवी आणि ट्यूनर. अँप कुठून आणणार? छोट्या गिटार अँपवर बेस जोरात वाजवलात तर स्पीकर फाटेल. म्हणून माझं मत असं, की वाद्य नऊ-दहा हजारांतलं बघा, सेकंडहँड चालेल, आणि उरलेल्यात सेटअप व बॅटरीवर चालणारा हेडफोन अँप बसवा. लाइट गेली तरी रियाज चालू, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या नाहीत. यामाहा, आयबानेझ, स्क्वायर यांपैकी जुनं काही मिळालं तर उत्तम, कारण उद्या विकायची वेळ आली तर मुंबईत गिऱ्हाईक सापडतं. अनोळखी नावाची नवी कोरी गिटार घराबाहेर पडली की तिची किंमत निम्म्यावर येते, हे धरूनच घ्या.

जुन्या तारा मळल्या असतील तर लगेच नव्यांवर खर्च नको. काढून पातेल्यात उकळल्या की काही दिवस पुन्हा खणखणतात. (पातेलं कोणतं, ते आईला विचारून.) मोटाउनच्या असंख्य गाण्यांमागचा बेसवादक जेम्स जेमर्सन तर तार तुटेपर्यंत बदलायचाच नाही. उजव्या हाताच्या एकाच बोटाने त्याने ते सगळं वाजवलं.

राहिला आईचा प्रश्न. तिला हळदीच्या कार्यक्रमाची आठवण करून द्या. बेंजो वाजतो, ऑक्टोपॅड वाजतो, आणि मांडवाबाहेरच्या बेस बिनमधून छातीत काहीतरी धडधडतं. त्या धडधडीतला सूर बऱ्याचदा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातातून येतो, कारण गावच्या पार्टीत बेसवाला नसतोच. तुमच्या पार्टीतल्या त्या कीबोर्डवाल्याला गिटार बघायला सोबत घेऊन जा. त्याचे कान तयार आहेत. आणि त्याचा डावा हात मोकळा होणार असेल, तर भाव करताना तो तुमच्यापेक्षा जास्त घासाघीस करेल.